कुडाचं घर आणि वैराग्याचा प्रश्न

मे महिन्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत माणसं घरांवर चढलेली दिसतात. पावसाआधी कवेलू फेरायचे असतात. वानरांनी फोडलेले काढायचे, जपून ठेवलेले जुने त्या जागी बसवायचे, कुजलेला फाटा बदलायचा. खाली भिंतींना पोतारा चाललेला असतो. कुडाची भिंत म्हणजे पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा ताटवा आणि त्याला दोन्ही बाजूंनी माती-शेणाचं लिंपण. त्याला शेतातली काळी माती चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. गढीची किंवा गावठाणातली पांढरी माती लागते. ही माती म्हणजे कित्येक पिढ्यांच्या पडलेल्या घरांचा ढिगारा, राख-शेण-भुसा मुरलेला. पणजोबाची भिंत खणून पणतूची भिंत उभी राहते.

अशा घरातला माणूस हरिनाम सप्ताहात बसतो तेव्हा त्याला ऐकायला मिळतं की देह हे भाड्याचं घर आहे, घरदार सगळं मायेचा पसारा आहे. घर टिकत नाही हे त्याला निराळं सांगावं लागत नाही. दर मृगात ते त्याच्या अंथरुणावर गळतं. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. कापसाचे पैसे हातात आले की थोडे जोत्यात, थोडे टिनात घालायचे आणि वर्षानुवर्षं घर सुधारत राहायचं, ही आसक्ती आहे की धर्म?

प्रश्न जुना आहे. सुत्तनिपातात धनिय नावाच्या गवळ्याचं सुत्त आहे. मही नदीच्या काठी त्याची झोपडी आहे, गाईगुरं आहेत, बायको-मुलं आहेत. छप्पर शाकारून झालंय, आत विस्तव पेटलाय, त्यामुळे येणाऱ्या पावसाचं त्याला भय नाही. त्याच काठी एका रात्रीपुरता थांबलेला बुद्धही निर्भय आहे, पण उलट्या कारणाने: त्याचं छप्पर उघडं आहे आणि विकारांचा विस्तव विझलेला आहे. संवादाच्या शेवटी धनिय आणि त्याची बायको बुद्धाला शरण जातात.

हे सुत्त वैराग्याची थोरवी म्हणून सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. पण धनियाचं छप्पर आधीच शाकारलेलं होतं, हे सांगणारे सहसा विसरतात. सिद्धार्थही महालातून बाहेर पडला होता. ज्याच्यापाशी छप्पर आहे त्याने ते सोडणं ही साधना. ज्याच्या छपरातून तारे दिसतात त्याला तोच उपदेश करणं, हे मात्र फार सोपं आणि फार निर्दय काम आहे.

हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली लख्ख शब्दांत मांडला. ‘महाबोधि’ नियतकालिकातल्या बुद्ध आणि त्याच्या धर्माचं भवितव्य या विषयावरच्या लेखात त्यांनी म्हटलं की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. संपत्ती असणाऱ्याने ती सोडणं धन्य असू शकेल, दारिद्र्य स्वतः कधीच धन्य नसतं. सहा वर्षांनी नागपूरला दीक्षा झाली. विदर्भातल्या, यवतमाळच्याही, असंख्य बौद्ध कुटुंबांपर्यंत बुद्ध पोचला तो या वाटेने. म्हणून तिथल्या घरात बुद्धाची तसबीर आणि अर्धवट बांधलेली भिंत शेजारी शेजारी असतात, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

याच कुटुंबांसाठी असलेल्या राज्याच्या घरकुल योजनेला बाबासाहेबांच्या पत्नी रमाईंचं नाव आहे. रमाबाईंच्या संसाराचा मोठा काळ परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत गेला. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभं राहिलं, पण तिथे फार दिवस राहणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या.

‘राजगृह’ हे नाव मगधाच्या राजधानीचं. तिथल्याच डोंगरउतारावरची आणखी एका धनियाची गोष्ट विनयपिटकात आहे. हा कुंभाराचा मुलगा, भिक्खू झालेला. त्याची गवताची कुटी लोकांनी तीनदा मोडून नेली. शेवटी त्याने सगळी कुटी मातीची घडवली आणि गवत, लाकूड, शेण रचून भाजून काढली. लालचुटूक, सुंदर झाली. बुद्धाने ती मोडायला लावली, कारण माती मळताना आणि भाजताना बारीक जीव मेले होते. इथे घराच्या सुखाला बोल लावलेला नाही. घर बांधताना किंमत कोण मोजतं, एवढंच विचारलंय. वीटभट्टीचा धूर, पैनगंगेतून आणि वर्धेतून उपसली जाणारी वाळू, जंगलातलं सागवान हे सगळं पाहिलं की तो प्रश्न आजही अंगाला चिकटतो. जुन्या मयालीला पुन्हा खांद्यावर घेणारं, फुटका कवेलू तेवढा बदलणारं घर त्याला पुष्कळ बरं उत्तर देतं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी स्वतःसाठी घर बांधलं नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा मात्र उभ्या केल्या. आपल्याला छप्पर नको आणि दुसऱ्याला हवंच, ही दोन वाक्यं त्यांच्या आयुष्यात एकत्र नांदली. कर्ज काढून सण करू नका, लग्नात पैसा उधळू नका, हेही ते कीर्तनात ओरडून सांगत. कर्जाने होरपळलेल्या या जिल्ह्यात हळूहळू बांधलेल्या घराचं मोल त्यावरून कळावं. यंदा जोता, पुढच्या दिवाळीनंतर भिंती, त्यानंतर कधीतरी स्लॅब: असं घर दिसायला ओबडधोबड असतं, पण त्याच्यावर सावकाराचा हक्क नसतो.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत साध्या भागात १,२०,००० रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर ठरलं आहे. झरी-जामणी, मारेगावकडच्या पोडांत राहणाऱ्या कोलामांसारख्या आदिम समाजांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये ही रक्कम २,००,००० आहे. ही मदत हवीच होती, तिची चेष्टा कोणी करू नये. मात्र हप्ता कामाच्या टप्प्यावर मिळतो: जोता झाला की फोटो, छत पडलं की फोटो. कापसाचं घड्याळ निराळं चालतं. मग अनेक ठिकाणी सरकारी खोली पुढे आणि जुनं कुडाचं घर मागे, असा संसार मांडला जातो. उन्हाळ्यात स्लॅब तापतो तेव्हा माणसं दुपारी मागच्या घरातच पडतात. नवं घर आलं म्हणून जुनं मोडायची घाई न करणं हा शहाणपणा आहे. अभियंत्यांनी त्यातून शिकावं.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी येते, उरलेले पैसे कुठे घालायचे हे ठरवताना. दर्शनी भिंतीला वणीजवळच्या राजूरचा चुना की ऑइलपेंट, यावर घरात चर्चा होते. न्हाणीला आडोसा आणि चुलीच्या धुराला वाट ही कामं बहुधा मागे राहतात. संसार सोडावा की धरावा, या वादात बोललेले जवळजवळ सगळे पुरुष होते. चुलीपुढे बसलेल्या बाईला कोणी विचारलं नाही. आवास योजनेचं घर शक्यतो बाईच्या नावे किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावे मंजूर करावं, असा नियम आहे. कागदावर ती मालकीण झाली आहे. तेव्हा यंदाच्या कापसाचे पैसे आले की पहिलं काम कोणतं काढायचं, हे तिच्या तोंडून ठरू द्यावं.