उसना संयम

गेल्या गणेशोत्सवात येथील मंडळाच्या पंगतीत माझ्या शेजारच्या पानावर एक स्नेही बसले होते. सरकारी सेवेत तीस वर्षे काढलेले, चार प्रांतांचे पाणी प्यालेले हे गृहस्थ. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करवून घेतली. मूठभर वरणभात ते सावकाश चावून खात होते. मोदक बाजूला तसाच होता. पलीकडून कोणी विनोदाने म्हणाले, "साहेब, तुमचा संयम डॉक्टरांनी शिवून दिलेला! त्यात तुमचे पुण्य ते काय?" सारे हसले, तेही हसले. मी मात्र त्या प्रश्नापाशी कित्येक दिवस घुटमळत राहिलो. संयम उसना मिळतो काय? आणि मिळाला, तर त्याचे श्रेय कोणाचे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. माझ्या स्नेह्यांची शस्त्रक्रिया ज्या जातीची, तिचा आरंभ १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी केला. तिच्या आजच्या पद्धतीत जठराचा वरचा, जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढा भाग वेगळा करून तो लहान आतड्याला जोडतात. भूक मंदावते, थोडक्यात तृप्ती होते, पुष्कळांचा मधुमेह आटोक्यात येतो. परंतु या लाभाचे मोल आयुष्यभर चुकवावे लागते. ब-१२ व ड ही जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम ही नित्याची सोबत. ठरावीक काळाने रक्ततपासणी. जेवताना पाणी वर्ज्य. गोड अधिक खाल्ले, तर ते आतड्यात वेगाने उतरून घाम सुटतो, छाती धडधडते.

आता असे वाटेल की, शरीरच असा पहारा करीत असेल, तर मनाला काम ते काय उरले? अनुभव निराळा आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात असे दिसले की, या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सुमारे ३२ टक्क्यांनी उतरते; दहा वर्षांनी मात्र ही घट २५ टक्क्यांवर येते. लाभ मोठा आहे यात शंका नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. पण गेलेले थोडे परत येते, हेही तितकेच खरे. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. या जातीच्या शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात लवकर भिनते, हे त्याचे एक कारण. पण अन्नात जो विसावा मन शोधीत होते, तो ते अन्यत्र शोधू लागते, असेही काही जाणकार म्हणतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषय सुटणे आणि विषयांची गोडी सुटणे यांत भेद केला आहे. शस्त्रवैद्य फार तर पहिले घडवून आणतो. दुसरे त्याच्या हाती नाही.

तेव्हा त्या विनोदाला उत्तर असे देता येईल : शस्त्रक्रियेने मिळाला तो संयम नव्हे, संयमाची संधी मिळाली. चष्मा लावून वाचणाऱ्याचे वाचन आपण चष्म्याच्या खात्यावर जमा करीत नाही. शिवाय ज्याला जन्मतःच भूक बेताची, त्याने तरी ती कोणत्या पुण्याईने मिळविली?

पण याहून कठीण प्रश्न पुढेच आहे. ज्या संयमाला वैद्य, आहारतज्ज्ञ, घरची माणसे आणि त्याच वाटेने गेलेले सोबती यांचा आधार जन्मभर लागतो, तो उणा मानावा काय? मला तसे वाटत नाही. आपल्या आजीची एकादशी तिच्या एकटीची कधीच नव्हती. सारे घर ती पाळीत असे. फरक एवढाच की, तो आधार डोळ्यांना दिसत नसे. आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना तो दर तीन वर्षांनी नव्याने उभारावा लागतो. नव्या गावी वैद्य अनोळखी, स्वागताला मिठाईचे डबे हजर, आणि "एवढ्याने काय होते" म्हणणारे सहकारी मुबलक.

येथे एक कबुली दिली पाहिजे. माझ्या मुलीच्या लग्नात याच स्नेह्यांना मी जिलबीचा आग्रह केला. ते दोनदा "नको" म्हणाले. तिसऱ्यांदा मी शपथ घातली. माझा मान राखण्यासाठी त्यांनी ती खाल्ली, आणि पाऊण तासाने मंडपामागच्या खोलीत घामाने भिजून पडलेले मी त्यांना पाहिले. "चालायचेच," एवढेच ते म्हणाले. आग्रह हा आपण प्रेमाचा अलंकार मानतो. त्या दिवशी मला कळले की, माझ्या आग्रहात प्रेमाहून यजमानपणाची हौस अधिक होती. दुसऱ्याचा संयम उसना आहे की स्वतःचा, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. तो मोडण्याचा तर नाहीच नाही.

यंदाच्या पंगतीत वाढण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यांच्या पानापाशी मी एकदाच विचारीन; आणि ते "नको" म्हणाले की पुढे जाईन.