बाहेर म्हणजे नेमकं कुठं?

सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की आई हातातलं काम टाकून हिरवी बादली घेऊन पळते. बादलीत रात्रीचा उरलेला भात, कांद्याची सालं, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा. बादली रिकामी होते, गाडी पुढं जाते आणि आमच्यापुरता विषय संपतो.

एकदा मी सहज विचारलं, "हे जातं कुठं?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"गावाबाहेर. आणखी कुठं?"

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात हे उत्तर सगळ्यांना पुरतं. मलाही पुरलं असतं. पण त्याच आठवड्यात मामांच्या शेतात गेलो आणि तो शब्द डोक्यात अडकून बसला.

मामांच्या शेतातून महामार्ग गेला. सगळं शेत गेलं नाही, मधली पट्टी गेली. आता आखाडा रस्त्याच्या एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या बाजूला. बैल घेऊन पलीकडं जायचं तर पुढच्या पुलापर्यंत वळसा. मोबदला मिळाला, त्यातून मामांनी एका मुलीचं लग्न केलं, घरावर स्लॅब टाकला. तक्रार करायची त्यांना सवय नाही. फक्त एकदा म्हणाले, "गावात ट्राफिक नको म्हणून रस्ता बाहेरून नेला म्हणतेत. आता आमी बाहेरचे का रे?"

मी काही बोललो नाही. कारण त्याच रस्त्यानं मी पूर्वीपेक्षा लवकर नांदेडला पोचतो. माझी वाचलेली मिनिटं कुठून तरी आली असणार. ती मामांच्या रोजच्या वळशातून आली आहेत.

आमच्या पिढीला डीपी म्हटलं की व्हॉट्सॲपवरचा फोटो आठवतो. नगरपरिषदेत डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, विकास आराखडा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार तो बनतो, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि साधारण वीस वर्षांनी तो नव्यानं तपासायचा असतो. म्हणजे तोही गावाचा फोटोच, फक्त पुढच्या वीस वर्षांचा. असा कुठल्याही गावाचा नकाशा बघा. मध्ये बाजारपेठ, शाळा, बगीचा. कडेला बहुतेक वेळा दोन गोष्टी: वळणरस्ता आणि कचऱ्याची जागा. दोन्ही सगळ्यांना हव्यात आणि दोन्ही कुणालाच दारात नकोत. मग नकाशात जिथं कागद कोरा दिसतो तिथं त्या जातात. पण कागद कोरा असला तरी जमीन कोरी नसते. तिथं कुणाची तरी विहीर असते, कुणाची पाल असते.

मराठीत 'बाहेर' हा साधा शब्द नाही. आपल्याकडं गावाला कूस होतं आणि कुसाबाहेर माणसं होती. मेलेलं जनावर ओढायचं, घाण उचलायची कामं ज्यांच्या माथी मारली, त्यांनाच त्या कामाच्या नावाखाली आणखी दूर ठेवलं. कूस पडून किती वर्षं झाली, पण ती रेघ आपल्या डोक्यात आहे. कचरा 'बाहेर' गेला असं म्हणतो तेव्हा खरं तर आपण म्हणतो, तो अशा माणसापाशी गेला ज्याला विचारायची गरज नाही.

विचारायची गरज नसलेली माणसं एक दिवस बोलतात. मराठवाड्यात ते २०१८ साली घडलं. तेव्हाच्या औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला जात होता. त्या फेब्रुवारीत आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. आता बास, म्हणाले. काही दिवसांत शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याकडं कचरा नेण्यावरून दगडफेक झाली, गाड्या पेटल्या. पुढं चिकलठाणा, पडेगाव अशा ठिकाणी प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले. पण आधी शोधलं गेलं ते नवं 'बाहेर'. एका गावानं नाही म्हटल्यावर प्रश्न 'कचरा कमी कसा करायचा' असा पडला नाही, 'आता कुणाकडं' असा पडला.

इथं कुणी म्हणेल, मग काय करायचं? रस्ता कुठून तरी जाणारच. त्याच्यासाठी कुणाची ना कुणाची जमीन लागणारच. हे खरं आहे, आणि म्हणूनच रस्ता आणि बादली या दोन गोष्टी मला आता सारख्या वाटत नाहीत.

महामार्ग मी माझ्या परसात बांधू शकत नाही. त्याचा भार दुसऱ्यावर टाकल्याशिवाय तो होतच नाही. अशा वेळी नीतीची मागणी एवढीच असते की आधी विचारा, ऐका, नुकसान नीट मोजा आणि भरून द्या. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात जमीन घेण्याची अधिसूचना निघाल्यावर हरकतीसाठी २१ दिवस आहेत. ते पुरेसे आहेत का, हरकती मनापासून ऐकल्या जातात का, यावर भांडता येईल आणि भांडायला हवं. पण निदान कागदावर तरी मामा 'हितसंबंधी व्यक्ती' आहेत. त्यांचं नुकसान चौरस मीटरमध्ये का होईना, मोजलं गेलं.

आईच्या बादलीतल्या कांद्याच्या सालीचं तसं नाही. ती परसात, गच्चीवर, एखाद्या जुन्या ड्रममध्ये जिरते. घरच्या कचऱ्यात साधारण निम्मा ओला असतो, आणि कचऱ्याच्या ढिगाचा खरा उपद्रव तोच करतो. सुका कागद एकटा पडला तर वास मारत नाही. ओलं ढिगाखाली दाबलं गेलं, हवा मिळाली नाही की ते सडतं, त्यातून काळं पाणी झिरपतं, मिथेन निघतो, ढीग आतल्या आत पेटत राहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावाची जागा कशी असावी हे सांगितलं होतं: वस्तीपासून २०० मीटर दूर आणि महामार्गापासूनही २०० मीटर दूर. ज्यांनी नियम लिहिला त्यांना ठाऊक होतं की ही गोष्ट राहत्या माणसाला आणि जात्या वाटसरूलाही सोसवत नाही. पण दोनशे एकाव्या मीटरवर राहणाऱ्याला त्या वासाचा मोबदला मिळत नाही, त्याला कुणी २१ दिवस देत नाही.

म्हणून मी माझ्यापुरता हिशोब असा मांडला. जे दुसऱ्याच्या दारात टाकल्याशिवाय भागतच नाही, त्याची पूर्ण किंमत मोजायची. आणि जे आपल्याच दारात जिरवता येतं, ते दुसऱ्याकडं पाठवायचा अधिकारच आपल्याला नाही, किंमत मोजूनसुद्धा नाही. घरपट्टी भरतो म्हणून कुणाच्या श्वासात माझा शिळा भात मिसळायची पावती मला मिळत नाही.

हे मी मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं. ड्रम आणू, खाली भोकं पाडू, खत करू. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आणि ते हलवायचं कुणी?"

मी गप्प. कारण मनातल्या चित्रात ड्रम हलवणारी आईच होती.

आजीच्या काळातल्या उकिरड्याचं आपण फार कौतुक करतो. परसात शेण, राख, पालापाचोळा पडायचा, उन्हाळ्यात गाडीनं शेतात जायचा, काही वाया जायचं नाही. सगळं खरं. पण ती शेणाची पाटी रोज डोक्यावर कुणी वाहिली? आजीनं. आजोबांनी फक्त गाडी भरताना बघितली. म्हणजे गावाला जसं 'बाहेर' असतं तसं घरालाही असतं, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातांपाशी येऊन थांबतं. माझा ओला कचरा मी गावाबाहेरच्या वस्तीऐवजी आईकडं ढकलणार असेन, तर मी फक्त अंतर कमी केलं, नीती नाही वाढवली.

कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. सफाईचं काम मला द्या, अशी त्यांची मागणी होती. ते जातीनं ब्राह्मण, म्हणून ते काम त्यांना नाकारलं गेलं, आणि त्यासाठी त्यांनी उपवास केला. लोक काम टळावं म्हणून भांडतात, हा माणूस काम मिळावं म्हणून भांडला. पुढं कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करायचे प्रयोग त्यांनी स्वतः केले. त्यांना कळलं होतं की घाणीचा प्रश्न तंत्रानं अर्धाच सुटतो. ती कुणाच्या हातानं उचलली जाते, यावर उरलेला अर्धा अवलंबून असतो.

तर ड्रम आता माझ्याकडं आहे. पहिल्या महिन्यात सपशेल फसलो. पाणी जास्त झालं, अळ्या झाल्या, शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "काही मेलंय का रे?" मग शेतातून सोयाबीनचं भुसकट आणलं. ओल्याचा एक थर, भुसकटाचा एक थर, तीन-चार दिवसांनी खालीवर. वास गेला. तीनेक महिन्यांनी तळाशी काळी, भुसभुशीत माती निघाली.

एक मित्र म्हणतो, तुझ्या एका ड्रमनं काय होणार, बाकीचं गाव तर टाकतंच आहे. बरोबर आहे. आणि सगळ्यांकडं परस नसतं. भाड्याच्या एका खोलीत चार जण राहतात, त्यांना मी ड्रमचं प्रवचन देणार नाही. त्यांच्यासाठी वॉर्डात, गल्लीत सोय लागते, म्हणजे आराखड्यात जागा लागते. ती गावाच्या मधोमध का असू नये, हे विचारायला हरकती-सूचनांची मुदत असते. पण ती हरकत घ्यायला मी गेलो तर समोरचा विचारेल, तुझ्या दारात चालेल का? हो म्हणायचं तर आधी दारात काहीतरी असावं लागतं.

मागच्या महिन्यात खताचं एक पोतं मामांना नेऊन दिलं. त्यांनी मूठभर हातात घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं.

"अजून थोडं कच्चं हाय," म्हणाले. "महिनाभर राहू दे."

उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते, असं आपल्याकडं म्हणतात. माझ्या ड्रमला अजून वर्षही झालेलं नाही. मी पोतं गाडीवर टाकलं आणि महामार्गावरून परत निघालो. आरशात मामा बैल घेऊन पुलाच्या दिशेनं चालताना दिसत होते.