एका फोनचं काम

चिचगडच्या जंगलपट्ट्यातल्या पाच गावांनी एकाच उन्हाळ्यात सामूहिक वनहक्काचे दावे तयार केले. म्हाताऱ्यांनी मोहाची झाडं, देवाच्या जागा, गुरं चारायच्या वाटा एकेक करून सांगितल्या आणि शिकलेल्या पोरांनी त्या नकाशावर मांडल्या. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे जातो आणि तिथून जिल्हा समितीकडे. पाचही फायली एकाच दिवशी कचेरीत पोचल्या. त्यानंतर धानाचे दोन हंगाम निघाले, फायली जागच्या हलल्या नाहीत.

त्यातल्या एका गावात आश्रमशाळेतून निवृत्त झालेले गुरुजी राहत. त्यांचा नातू लहानपणीच शहरातल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळेत गेला होता. आदिवासी मुलांची अशा शाळांतली फी सरकार भरतं, त्या योजनेतून. हुशार पोरगा. दिवाळीला घरी आला, फायलींची कथा ऐकली आणि शाळेत त्याच्या खोलीत राहिलेल्या मित्राला त्यानं फोन लावला. मित्राचे काका मंत्रालयात मोठ्या जागेवर होते. आठवड्याभरात कचेरीतून निरोप आला की गावाची फाईल समितीपुढे ठेवली आहे.

गावात आनंद झाला. पोराला ओवाळलं. गुरुजी मात्र गप्प होते. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाकीच्या चार फायलींचं काय झालं?"

"त्या गावांचं तिथं ओळखीचं कोनी नाही, आजा."

"मंग त्यायनं काय करावं?"

पोराजवळ उत्तर नव्हतं. आपण चूक काय केली हेही त्याला कळेना, आणि खरं तर त्यानं चूक काही केलीही नव्हती. ज्या दाराची किल्ली हातात होती ते दार त्यानं उघडलं. कॉलेजात तो राज्यशास्त्र शिकला होता. तो म्हणाला, "जगात असंच चालते. ईटन म्हनून एक शाळा आहे, त्या एकट्या शाळेनं इंग्लंडले वीस पंतप्रधान देले. फ्रान्सात अधिकारी घडवणारी एक शाळा होती, चार राष्ट्राध्यक्ष तिथलेच. आपल्याकडं राजीव गांधी पंतप्रधान झाले तवा त्यायच्या भोवती दून स्कूलचे जुने दोस्त होते."

"आपल्याकडं काय कमी होतं?" गुरुजी म्हणाले. "हे चिचगड जमीनदारीचं गाव. इंग्रजायनं 1882 मधी जबलपूरले राजकुमारांसाठी शाळा काढली, मंग ती रायपूरले नेली. राजे, जमीनदार, साऱ्यायची पोरं एका जागी. पोरगा तिथून निंघाला की चहूकडच्या गादीवर त्याचा एक दोस्त बसला राहे. रयतेचं पोरगं गुरं राखे."

इथं गुरुजी थांबतील असं पोराला वाटलं. पण त्यांच्या मनात दुसरंच काही घोळत होतं, आणि त्या दुसऱ्या गोष्टीसाठी मला ही सगळी कथा सांगावीशी वाटली.

ती गोष्ट कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. ते स्वतः राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले. राजांच्या मुलांना एकत्र ठेवल्यानं काय घडतं हे त्यांनी आतून पाहिलं होतं. कोल्हापुरात त्यांनी 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभं केलं, मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. खेड्यातला पोरगा पहिल्यांदाच दुसऱ्या तालुक्यातल्या पोराच्या शेजारी झोपला, त्याच्याशी भांडला, त्याचा मित्र झाला. पुढं ब्राह्मणेतर चळवळीला माणसं मिळाली ती पुष्कळशी या खोल्यांमधून. तरी भिंती होत्याच. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. हा घाव त्यांनी वाया जाऊ दिला नाही. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं जिथं सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीत जेवत. राजवाड्यातली विद्या रयतेच्या हाती आली ती अशी.

"माह्या आश्रमशाळेतही पोरं एका खोलीत झोपली, एका ताटात जेवली," गुरुजी म्हणाले. "पन शाळा सुटली आन् सारे पांगले. तुह्या शाळेनं पोरायले बांधून ठेवलं, जुन्या विद्यार्थ्यायचे मेळावे, फोनवरचा ग्रुप. आमी नाही ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतून आपल्या वह्या काढल्या. दरवर्षीच्या मुलामुलींची नावं, गावं, बापाचं नाव, सारं त्यांच्या अक्षरात. पोरगा फोन घेऊन बसला. कित्येक नंबर बंद. काही पोरं मरून गेलेली, काही नागपूर-हैदराबादला मजुरीला. पण एक जण वनरक्षक निघाला, एक मुलगी आरोग्य केंद्रात परिचारिका, एक दुसऱ्या जिल्ह्यात तलाठी, एक वकील. बाजाराच्या दिवशी चिचगडला बसायचं ठरलं. जे आले ते एकमेकांना नावानं नव्हे, शाळेतल्या टोपणनावानं हाका मारत होते.

वकिलानं चारही फायलींच्या प्रती चाळल्या. दोन दाव्यांत शिवेला लागून असलेल्या गावांची सहमती जोडलेली नव्हती, आणि ती गावं तर समोरच बसली होती. तिथंच कागद तयार झाले. एका दाव्याला पुरावा कमी म्हणून तोंडी सांगितलं गेलं होतं. वकील म्हणाला, म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं कथन हाही नियमानं पुरावा आहे, आणि दावा परत करायचा तर ग्रामसभेला लेखी कारण द्यावं लागतं. तोंडी सांगून भागत नाही. ही गोष्ट पाच गावांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. वनरक्षकानं नकाशावरचे कंपार्टमेंट नंबर तपासून दिले.

मग गुरुजींच्या गावची ग्रामसभा भरली. आपली फाईल तर पुढं गेली, आता आपण कशाला जायचं, असं काही जण बोलले. एक म्हातारी उठून म्हणाली, "वाघ येते तवा तो कोन्या गावचा हाये ते इचारते का?" ठराव झाला की सुनावणीला पाचही गावं एकत्र जातील.

त्या सुनावणीनंतर दोन दावे पुढं गेले. एक लेखी कारणासह मोजणीसाठी परत आला. चौथा अजून अडकलेला आहे.

मधे एकदा शाळेतल्या मित्राचा फोन आला. "काम झालं ना तुमचं? बाकीच्यांचं पण काकांना सांगू का?"

पोरगा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काकांना एवढंच सांग, पाच गावची माणसं भेटीची वेळ मागताहेत. अर्जावर सगळ्यांची नावं आहेत. माझं नाव शेवटी आहे, पण ते बघून वेळ देऊ नका म्हणावं."

"आणि नाही दिली तर?"

"तर परत अर्ज करू. आता नंबर आहेत सगळ्यांचे."