दोन स्क्रू

गणपतीपासून आमच्या घरात दोन स्क्रूंवरून वाद चालू आहे. माणसे मोठमोठ्या प्रश्नांवर भांडतात; आमच्या वाट्याला बोटाच्या पेराएवढे दोन पितळी स्क्रू आले. परंतु मी जसजसा त्यांचा विचार करू लागलो, तसतसे हे प्रकरण दिसते तितके लहान नाही असे मला वाटू लागले. यात चूक माझीही आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुठे मी पंडिताचा आव आणलाच, तर वाचकांनी तो फारसा मनावर घेऊ नये.

माझी पुतणी मुंबईत डिझाइन शिकते. हा शब्द आमच्या गिरीजमधल्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजून रुळलेला नाही. 'म्हणजे शेवटी ती होणार तरी काय?' असे कोणी विचारले की 'वस्तूंना रूप देणार' असे काहीतरी मोघम उत्तर मी देतो. आतापर्यंत कागद, लाकूड आणि माती हाताळणारी ही मुलगी गेल्या वर्षी एकाएकी विजेच्या मागे लागली. शनिवारी घरी येताना मुंबई सेंट्रलजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून पुड्या घेऊन येई. त्यांत चण्याफुटाण्यांसारखे एलईडी, अंगावर रंगीत पट्टे असलेले रेझिस्टर, डाखाच्या तारेचे रीळ. हिराडोंगरीच्या पायथ्याजवळच्या आमच्या ओसरीवर राळ जळाल्याचा वास दरवळू लागला. लहानपणी कल्हईवाला अंगणात भाता मांडून बसे, तेव्हाच्या नवसागराच्या वासाची मला आठवण झाली.

पहिल्याच दिवशी तिने तीन दिवे जाळले. "काका, याला स्वतःचा धरबंध नाही," ती म्हणाली. "मिळेल तेवढी वीज घेतो आणि मरतो." मग तिने मला हिशेब समजावून दिला. बॅटरी 9 व्होल्टची. तांबड्या एलईडीला हवेत सुमारे 2 व्होल्ट. उरलेले 7 कोणीतरी वाटेत अडवायला हवेत. प्रवाह 20 मिलिअँपिअर धरला, तर त्यासाठी रेझिस्टर लागतो 350 ओहमचा. तेवढ्याच मापाचा दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून 390 चा घ्यावयाचा. चौथीतल्या मुलाला जमेल असा हा भागाकार. पण सत्तरीला टेकेपर्यंत मी घरातल्या एकाही दिव्याचा असा भागाकार केला नव्हता. एलईडीला दोन पाय असतात आणि त्यांतला लांब तो धन टोकाचा, हेही मला तेव्हाच कळले. उलटा जोडला तर तो जळत नाही, नुसता रुसून बसतो.

या इवल्या दिव्यामागे केवढी खटपट आहे! एका स्फटिकात वीज सोडल्यावर मंद उजेड दिसतो, हे राउंड नावाच्या इंग्रजाने 1907 मध्ये नोंदवून ठेवले. डोळ्यांना दिसेल असा तांबडा दिवा अमेरिकेत निक होलोन्याकने केला तो 1962 मध्ये. निळ्यासाठी आणखी तीस वर्षे जावी लागली आणि त्या निळ्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातला पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. त्याच्या तोंडावर हळदीसारख्या पिवळ्या द्रव्याचा लेप दिला, की आपल्या डोळ्यांना तो पांढरा भासतो. पुतणीने हे सांगितले तेव्हा मला हळदीच्या नवरीची आठवण झाली. पण विज्ञानाच्या गप्पांत असली उपमा तिला खपत नाही.

तर या शिक्षणातून तिने एक दिवा केला. नदीतल्या गोट्यासारखा, दुधी रंगाचा, तळहातावर मावणारा. आत चार्ज होणारा सेल आणि पांढरे एलईडी. वर हलकेच दाबले की पेटावयाचा. वसईच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा त्याची गरजही खरी होती. दिव्याचे दोन अर्ध तिने खालून दोन स्क्रूंनी आवळले होते. मी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणालो, "इतक्या देखण्या वस्तूला हे दोन डोळे कशाला? चिकटवून टाक की!"

तिला ते पटले. तिने स्क्रू काढले, भोके बुजवली, अर्ध गोंदाने जोडले आणि सांधा घासून असा गुळगुळीत केला की नखालाही लागू नये. कॉलेजात त्याचे कौतुक झाले. मग तो दिवा तिने आमच्या शेजारच्या मावशींना दिला.

या मावशी ख्रिस्ती. वय ऐंशीच्या पुढे. मुलगे परदेशी आणि त्या एकट्या. आमच्या कुंपणाला एक खिंडार आहे ते दोन्ही घरांनी मुद्दाम बुजवलेले नाही. आमच्या आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्या डिसेंबरात त्या खिंडारातून पलीकडे जातात आणि त्यांच्या नाताळच्या ताऱ्यात बसतात.

गणपतीत पुतणी घरी आली ती पहिल्यांदा मावशींकडे गेली. दिवा देव्हाऱ्याशेजारी विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला. "छान आहे हो," मावशी म्हणाल्या. पोरीने तो दाबला. पेटला, आणि विझला. पुन्हा दाबला, पेटलाच नाही. तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. जुलैच्या एका रात्री वीज गेली. मावशींनी दिवा दाबला. क्षणभर लागला आणि गेला. त्या काळोखात मेणबत्ती शोधायला निघाल्या आणि उंबऱ्याला अडखळल्या. मनगट महिनाभर सुजले होते. आम्ही विचारले तेव्हा 'वाडीत घसरले' असे त्यांनी सांगितले होते.

"अहो, मग बोलला का नाहीत?" मी विचारले.

"काय बोलायचं? दिवा चांगलाच आहे. पोरीने एवढ्या प्रेमाने दिलेला. माझाच हात जड. या नव्या वस्तू मला नाही जमत."

पोरीने तो दिवा आमच्या ओसरीवर आणला आणि हातोडीने फोडला. फोडल्याशिवाय उघडण्याची सोयच नव्हती. एलईडी शाबूत, सेल शाबूत. एका तारेचा डाख मात्र कच्चा राहिला होता. पक्का डाख चकचकीत दिसतो. हा राखेसारखा भुरका होता. असा सांधा कधी लागतो, कधी सुटतो, म्हणजे वापरणाऱ्याला वाटावे की आपणच नीट दाबले नाही. एलईडी हजारो तास टिकतो म्हणतात. मोहरीएवढ्या डाखापायी तो सगळा कचऱ्यात जाणार होता.

त्या रात्री तिने दुसरा दिवा करायला घेतला आणि स्क्रू परत आले; तेही तळाशी नव्हेत, समोर! तेव्हापासून आमचा वाद.

माझे म्हणणे असे की सौंदर्य म्हणजे काही अंशी झाकणेच. आपल्या हृदयावर त्वचा आहे म्हणून आपण एकमेकांकडे पाहू शकतो. गवयाने मैफलीत रियाजाची वर्षे उलगडून दाखवावयाची नसतात. पुतणी म्हणाली, "आणि पैठणी? पैठणीचा पदर उलटा केला तरी तसाच दिसतो." यावर मी थोडा अडलो.

मग मी तिला बल्बवाल्यांची गोष्ट सांगितली. 1924 मध्ये जगातल्या मोठमोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात संगनमत केले आणि बल्बने एक हजार तासांहून फार जास्त जळू नये असे ठरवले. जास्त टिकणारा बल्ब करणाऱ्याला दंड. हे खरे पाप, असे मी म्हणालो. त्यात लोभ होता. आपल्या हातून झाले त्यात लोभ कुठे होता? नुसती हौस होती. "मावशींना त्याचा काय उपयोग?" ती म्हणाली. खरेच, पडणाऱ्याच्या मनगटाला आपण लोभापायी पडलो की कोणाच्या हौसेपायी, हे कळत नाही.

आय. आय. टी. मुंबईने सुमारे दहा वर्षांपूर्वी खेड्यांतल्या शाळकरी मुलांसाठी सौर दिव्यांचा मोठा उपक्रम केला. त्यात गावातल्याच माणसांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. तिने त्याचा दाखला दिला. मी म्हणालो, "तिथे ते ठीक. पण आपल्या मावशी ऐंशीव्या वर्षी पेचकस घेऊन बसणार आहेत का? त्यांना स्क्रू असले काय आणि नसले काय!"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी नाही उघडणार, काका. पण स्क्रू दिसले असते तर त्यांना कळलं असतं की ही वस्तू उघडते. म्हणजे ती बिघडतेही. म्हणजे कोणीतरी ती जोडली आहे, आणि जोडणाऱ्याचं चुकू शकतं. मग त्यांनी चूक स्वतःच्या हातावर घेतली नसती."

मला उत्तर सुचले नाही. मी माझ्या खोलीत आलो आणि आजवर मी स्वतः किती यंत्रांपुढे 'माझंच काहीतरी चुकलं' म्हणून गप्प बसलो आहे, ते आठवू लागलो. बँकेचे यंत्र, मोबाइल, तिकिटाचे यंत्र. एकदा तर तिकिटाच्या यंत्राला मी 'सॉरी' म्हणालो होतो. चकचकीत आणि बंद वस्तूपुढे माणूस उगीचच अपराधी होतो. आणि तिला तशी बंद करावी हा सल्ला, या एका दिव्यापुरता तरी, माझा होता. मावशींची क्षमा मी मागितली. त्या हसल्या आणि केळ्यांचा फणा हातात ठेवून मला वाटेला लावले.

दुसरा दिवा आता त्यांच्याकडे आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या आधी स्क्रू दाखवतात आणि मग दिवा. मला ते स्क्रू अजूनही सुंदर वाटत नाहीत. पोरीला मात्र वाटू लागले आहेत. यंदाचा आकाशकंदीलही तिनेच केला आहे. आत एलईडी, बाहेर पतंगाचा कागद, आणि चौकटीला चार स्क्रू. माझ्या मते दोन पुरले असते.