नाव ऐकताच

बोईसरला भाड्याची खोली शोधणारा माझा भाचा परवा वैतागून म्हणाला, "मामू, नाव ऐकताच लोक दार लावतात. समजतात तसाच होऊन दाखवू का?"

मला मेरी शेलीची १८१८ सालची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी आठवली. त्यात शास्त्रज्ञाने घडवलेला जीव जन्मताच टाकून दिला जातो. तो एका गरीब घराच्या आडोशाला लपतो, रात्री त्यांच्यासाठी लाकडे आणून ठेवतो आणि चोरून भाषा शिकतो. ते धडे खरे तर साफीसाठी असतात, एका तुर्की व्यापाऱ्याच्या मुलीसाठी. त्या परदेशी मुलीला घर सामावून घेते. हा समोर येताच मार खातो. त्याच्याशी माणसासारखे बोलतो तो एकटा आंधळा म्हातारा.

म्हणजे राक्षस आधी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होतो. आपल्याच जिल्ह्यात, गडचिंचले येथे, १६ एप्रिल २०२० रोजी जमावाने मुले पळवणारे समजून दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार केले. त्या तिघांनी कोणाचे काय बिघडवले होते?

पण पुढे तो जीव लहानग्या विल्यमचा गळा दाबतो. पोराने त्याला शिव्या दिल्या होत्या, हे खरे. तरी हात उठतो तो घराण्याचे नाव ऐकल्यावर. इथे मी त्याची बाजू सोडतो.

हे सारे भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "बरोबर आहे मामू, पण खोलीचं काय?" सध्या तो पालघरला आमच्याकडेच राहतो आणि सकाळच्या डहाणू लोकलने कामावर जातो.