बुडवलेले खोरे, उपसलेला समुद्र

दिवाळीला आमचा पुतण्या हॉलंडहून आला, की घरात दोन देशांची कुस्ती लागते. हिंजवडीच्या कचेरीतून त्याला तिकडे धाडले, त्याला आता सहा वर्षे झाली. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात. पण तिथून पौडला येण्याचे वर्णन तो असे करतो, की विमानप्रवास किरकोळ वाटावा. "काका, तिकडे मी सायकलवरून कामाला जातो. नळाचे पाणी तसेच प्यायचे!" त्यावर वहिनींचे ठरलेले उत्तर, "पण आजारी पडलास तर पेज कोण करून देईल?"

हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. माया काही आपल्याच मातीत पिकत नाही, आणि पेजेने दवाखान्याची उणीव भरत नाही. तिकडे माणूस सरासरीने ८२ वर्षे जगतो, आपल्याकडे ७२. ही दहा वर्षे म्हणजे नातीचे लग्न पाहायला मिळणे! १९९० साली महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने मानवविकासाचा निर्देशांक काढला, तो याचसाठी. देशाच्या मिळकतीबरोबर माणसाचे आयुष्य आणि शिक्षणही मोजले जावे म्हणून.

यंदा मात्र आई मध्येच म्हणाली, "तिकडं समुद्र उपसून जमीन केली म्हणतोस. मग तिथं मासे धरणाऱ्यांचं काय झालं रे?"

प्रश्न कुठून आला, हे मला ठाऊक होते. आमचे मूळ गाव मुळशीच्या धरणात गेले. आईच्या सासूबाई तेव्हा पोर होत्या. आंबेमोहोराचे ते खोरे टाटांच्या विजेसाठी बुडायचे होते. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरणार, वीज मुंबईला जाणार. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास भोगला. सावकारांना जमिनीपेक्षा भरपाईत रस होता. १९२७ पर्यंत धरण उभे राहिले. मुंबईचे जीवनमान वाढले, यात शंका नाही. सरासरी काढली असती तर मुळशीचेही त्यात वाढलेले दिसले असते.

पुतण्याने जरा शोधाशोध केली. हॉलंडने झॉयडर झी हा समुद्राचा फाटा ३२ किलोमीटरचा बांध घालून १९३२ साली अडवला. म्हणजे आमच्या धरणानंतर पाचच वर्षांनी! पण कोळ्यांना साहाय्य देण्याचा कायदा १९२५ सालीच, बांध पुरा होण्याच्या सात वर्षे आधी, झाला होता.

"सगळे सुखी झाले?" मी विचारले.

"नसतील काका. पण विचारले तरी होते."

का विचारले असेल? डच माणूस जात्याच दयाळू म्हणून? त्याच काळात जावा बेटावर हेच लोक राज्य करीत होते, तिथल्या शेतकऱ्याला कोण पुसत होते! मला वाटते, उत्तर साधे आहे. १९१७ साली हॉलंडातल्या प्रौढ पुरुषांना आणि १९१९ साली स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. कोळ्याची नाराजी मोजावी लागे. आमच्या मावळ्याच्या हाती मत नव्हते.

इथवर युक्तिवाद मला फार आवडला होता. पण आईने कोयनेचे नाव काढले आणि मी गप्प झालो. ते धरण स्वराज्यातले. मते होती; तरी तिथल्या विस्थापितांना पुनर्वसनासाठी पिढ्यान् पिढ्या हेलपाटे घालावे लागले. मत हाती असून उपयोग नाही. थोड्या माणसांच्या मताला इतरांनी वजन द्यावे लागते. मुंबईत दिवा लावताना कुणाला मुळशी आठवते? पौडात दिवा लावताना कोयना मला तरी कुठे आठवते?

जाता जाता पुतण्याने सांगितले, की त्याने अल्मेरेला घर घेतले आहे. १९६८ साली कोरड्या केलेल्या जमिनीवर.

पाडव्याला आम्ही आईला धरणावर नेले. पावसाळा नुकताच सरलेला, धरण काठोकाठ. काही दिसत नव्हते. आईने बोट दाखवले, "तिथं." पुतण्याने फोनवर नकाशा उघडला. तिथे नुसता निळा रंग होता. "आजी, नक्की कुठे?" त्याने विचारले. आईने पुन्हा तेच बोट दाखवले.