शांततेत पुन्हा तोच प्रश्न

आजचे वाचन: १ राजे १९:९-१८



गेल्या महिन्यात मी ठरवलं, पहाटे दहा मिनिटं काहीही न मागता, न बोलता प्रभूपुढे बसायचं. आमच्या मुलुंडच्या घरात तेवढीच काय ती शांत वेळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. पहिले काही दिवस डोक्यात कालचे बग आणि आजच्या मीटिंगा फिरत होत्या. ते ओसरलं आणि समोर आला धाकट्या भावाचा चेहरा. बाबांच्या आजारपणातल्या खर्चावरून आमचं बिनसलं, त्याला आठ महिने झाले. मी लगेच डोळे उघडले आणि मोठ्याने प्रार्थना करू लागलो: मंडळीसाठी, देशासाठी, आजाऱ्यांसाठी. फक्त त्याच्यासाठी नाही.

तेव्हा कळलं, प्रार्थनेच्या शब्दांमागेही लपता येतं.

एलीयाही लपलाच होता. ईजबेलच्या भीतीने पळून तो होरेबवरच्या गुहेत शिरला. वारा, भूकंप, अग्नी होऊन गेले आणि मग ती मंद वाणी आली. इथपर्यंतचा भाग आपण संदेशांत पुष्कळदा ऐकतो. पण पुढे पाहा. देवाने आधी जो प्रश्न विचारला होता तोच पुन्हा विचारला, की तू इथे काय करतोस? एलीयाचं उत्तरही तेच, की मी एकटाच उरलोय. देवाने त्याला गुहेत राहू दिलं नाही. आल्या वाटेने परत पाठवलं, काम दिलं, अलीशासारखा सोबती दिला आणि सांगितलं की अजून ७,००० जण आहेत.

माझं ऑफिस अंधेरीत आहे. याच अंधेरीतल्या विनयालयात १९४७ साली अँथनी डिमेलो नावाचा तरुण येशूसंघात दाखल झाला. पुढे फादर डिमेलोंचं प्रार्थनेवरचं ‘साधना’ हे पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यातला पहिलाच अभ्यास म्हणजे गप्प बसणं आणि त्या शांततेत काय सापडतं ते पाहणं. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणातल्या काही विचारांबद्दल सावध करणारी सूचना काढली. आपल्यातही काहीजण विचारतात, नुसतं गप्प बसणं ही ख्रिस्ती प्रार्थना कशी?

प्रश्न रास्त आहे. गप्प तर रुसलेला माणूसही बसतो. आठ महिने मी भावाशी गप्पच होतो की! मग फरक काय?

मला वाटतं, रुसव्यात आपण दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी गप्प होतो. प्रार्थनेत गप्प होतो ते देवाला विचारू देण्यासाठी. आणि तो काय विचारेल, कोणाचं नाव घेईल, हे आपल्या हातात नसतं. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू येशू म्हणतो की वेदीजवळ भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. म्हणजे भावाचा तो चेहरा प्रार्थनेतला व्यत्यय नव्हताच. मी दहा मिनिटं ज्याची वाट पाहत होतो, ते उत्तर तेच होतं.

काल घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत मी त्याला फोन लावला. दोनच मिनिटं बोललो, तेही अवघडत. पैशांचा विषय दोघांनीही काढला नाही. ठेवताना तो म्हणाला, “दादा, जेवलास का?”

प्रार्थना: हे प्रभू, माझे शब्द थांबव आणि मी ज्याला टाळतो आहे त्याच्याकडे मला पाठव. येशूच्या नावात मागतो. आमेन.